वन्संचे जोखमीचे पैसे

वन्सं, तुमचं सगळं नीट पार पडलं. तेरावा झाला, माणसं पांगली, मुक्ता बंगळूरला परत गेली. जाताना "आई, तू आता माझ्याकडेच चल" असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि मी पुन्हा पुन्हा "बघू" म्हणत होते. लेकीला तोंडावर नाही म्हणायचीही ताकद लागते. ती ताकद सध्या माझ्याकडे नाही. श्रीखंडाचं एक अख्खं पातेलं फ्रिजमध्ये पडून आहे. तुम्ही असतात तर दोन दिवसांत संपवलं असतंत आणि वर म्हणाला असतात, वहिनी, साखर जरा जास्तच झाली.

महापालिकेतल्या तुमच्या ऑफिसातले एक साहेबही येऊन गेले. तुमच्या निवृत्तीनंतर आलेले असणार, कारण तुमचं नाव त्यांना बरोबरच्या माणसाला विचारून घ्यावं लागलं. मग खुर्चीवरून उठून त्यांनी छोटंसं भाषण केलं. कोरोनायोद्ध्या काय, निडर काय, शहर ऋणी आहे काय. माणूस वाईट नव्हता, उन्हातून आला होता बिचारा. पण मला तुमचं तोंड दिसत होतं. "योद्धा कसली बाई, हाजरी घेणारी मी," असं तुम्ही म्हणाला असतात आणि त्यांना चहाला बसवून घेतलं असतंत. मी नुसते हात जोडले.

हे सगळं मी वरच्या खोलीत, तुमच्या खाटेवर बसून लिहिते आहे. तुमच्याशी एक भांडण अर्धं राहिलं आहे. ते कशावरून होतं, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं.

लग्न होऊन पुण्याहून अंबरपेठच्या या घरात आले तेव्हा नणंदेला वन्सं म्हणायचं, असं आईनं शिकवून पाठवलं होतं. तुम्ही पहिल्याच दिवशी हसलात. "हे काय नाटकातल्यासारखं? कुमुद म्हण की." मी हट्टानं वन्संच म्हणत राहिले आणि शेवटी ते तुमचं नावच होऊन बसलं. माझ्या पुणेरी बोलण्याला तुम्ही नाक मुरडायचात, तुमच्या "परेशान होऊ नकोस" आणि "हल्लू चल"ला मी. सासूबाई गेल्या, मुक्ता मोठी होऊन गेली, आणि या घरात आपण तिघं उरलो. सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले आमचे हे, म्हणजे तुमचा दादा. शाळेतून मोकळी झालेली मी. आणि अजून नोकरी करणाऱ्या एकट्या तुम्ही. पहाटे स्कूटी काढून, तोंडाला ओढणी बांधून तुम्ही चौरस्त्यावर जायचात. तिथं झाडूवाल्या बायका जमायच्या, त्यांची हाजरी घेऊन कोण कुठल्या गल्लीत ते तुम्ही सांगायचात आणि मग दिवसभर त्यांच्यामागे फिरायचात. घरी आल्यावर पहिली अर्धी घटका तुमचा आवाज रस्त्यावरचाच असायचा. "वन्सं, इथं कचरा नाही, मी आहे," असं मी म्हटलं की खाली यायचा.

साथ आली तेव्हा तुमच्या निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती. रजा साठलेली होती. दादा म्हणाले, "घे रजा आणि बस घरी. कुणी नावं ठेवणार नाही."

"बायका जाणार आणि मी बसू? मग हाजरी कोण घेणार, तू?"

दादांनी हात टेकले. आणि त्याच दुपारी तुम्ही तुमची गादी, दोन पातळं, बादली असं सगळं उचलून वरच्या खोलीत नेलंत. कुणी सांगितलं नव्हतं. वरची खोली म्हणजे अडगळ होती. जिना बाहेरून, अरुंद, आणि त्याला कठडा नाही. घर बांधलं तेव्हा सासऱ्यांचे पैसे संपले म्हणून राहिला, पुढं दादा दर वर्षी "यंदा करू या" म्हणायचे. त्या उघड्या जिन्याच्या वळणावर मी तुमचं ताट ठेवायची आणि खाली येऊन ओरडायची. तुम्ही वरून उतरून ताट घ्यायचात आणि मिळालं हे कळावं म्हणून त्यावर चमचा वाजवायचात. सगळ्या देशानं एक दिवस थाळ्या वाजवल्या, आपल्या घरी ती रोज वाजायची. चमचा वाजला की आम्ही दोघं जेवायला बसायचो.

त्या दिवसांत मला सगळ्यांत जास्त कशाची दमणूक झाली असेल तर ओरडण्याची. मीठ कमी आहे का, ताप नाही ना, आज कुठली गल्ली, सगळं खालून वर. शेजारच्यांना आपल्या घरातला खडान् खडा माहीत झाला.

जादा पैशांची बातमी पण तुम्ही अशीच वरून सांगितलीत. संध्याकाळची वेळ होती. दादा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, मी लसूण सोलत होते.

"सरकार जादा पैसे देणार आहे," तुम्ही म्हणालात. "बाहेर काम करतात त्यांना. पगाराच्या वर."

"कशाचे?"

"जोखमीचे."

दादांनी आकडा विचारला, तुम्ही सांगितलात. ते म्हणाले, "एवढ्यात जीव येतो होय?"

"जिवाची किंमत कुठं करतायत? चहापाणी समज."

"चहापाणी नाही कुमुद. हे पैसे घेतले की उद्या नाही म्हणायची सोय उरत नाही. जोखमीचे पैसे घेतलेत ना, मग जा, असं म्हणतील."

"नाही म्हणायची सोय कालही नव्हती," तुम्ही म्हणालात. "निदान पैसे तरी येऊ देत."

तो वाद तुम्हा बहीणभावांत पुढं कित्येक दिवस चालला. दादांचं म्हणणं, आधी चांगले मास्क मागा, हातमोजे मागा, आजारी पडलेल्याला पगारी रजा मागा, पैसे मागाहून. तुमचं म्हणणं, मागायचं ते सगळं मागतोच आहोत, पण ज्या घरी नवऱ्याचा धंदा बंद पडला आहे तिथं हातमोजे शिजवून खाता येत नाहीत. मला दोघांचंही पटायचं. ते सांगितलं की दोघंही माझ्यावर उखडायचे. खरं सांगू, आज मला तो वाद आठवला की बरं वाटतं. दोन म्हातारी माणसं खालीवर बसून सगळ्या शहराची काळजी करत होती आणि एकमेकांना मूर्ख म्हणत होती.

पैसे आले. तुमच्या बायकांनी त्यात काय काय केलं ते तुम्ही रोज सांगायचात. कुणी थकलेलं घरभाडं दिलं, यादम्मानं मुलाला फोन घेऊन दिला कारण शाळा त्यात भरत होती. आणि एका सकाळी ताट परत आलं त्यात एक पाकीट.

"हे तुम्हा दोघांचं," तुम्ही वरून म्हणालात. "निम्मे."

"आम्हाला सरकारनं कधी नेमलं?" दादा हसत होते.

"मी बाहेर जाते ती काय माझा एकटीचा जीव घेऊन जाते? परत याच जिन्यावर येते ना? जोखीम तिघांची, मग पैसे मी एकटीनं का घ्यायचे?"

दादा म्हणाले, बहिणीकडून घेणार नाही. तुम्ही म्हणालात, मग तुझ्या बायकोला देते, ती माझी बहीण नाही. असं करत ते पाकीट देव्हाऱ्याखालच्या खणात गेलं. तुम्ही दर महिन्याला त्यात भर घालत राहिलात, आणि आम्ही ते काही उघडलं नाही. तेव्हा ती आपल्या घरातली एक गंमत होती. भाजी महाग झाली की दादा म्हणायचे, काढा आपला जोखीमभत्ता.

दुसऱ्या उन्हाळ्यात दादा गेले. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. ते आपण दोघींनी एकत्र पाहिलं आहे, आणि तुम्हाला काय सांगायचं?

आजार घरात कसा आला ते कुणालाच कळलं नाही. दादा पेन्शनच्या कामासाठी एकदा सिकंदराबादला जाऊन आले होते. मी लोणच्याच्या कैऱ्यांसाठी अंबरपेठच्या बाजारात गर्दीत घुसले होते. गॅसवाला आत येऊन सिलेंडर लावून गेला होता. आणि तुम्ही रोज बाहेर होतात. त्या वेळी मी सगळ्यांवर संशय घेतला, गॅसवाल्यावर, कैरीवालीवर, माझ्यावर. तुमच्यावर घेतला नाही असं म्हणणार नाही, तो एकदोनदा येऊन गेला. पण त्याला माझ्यापाशी बसायला जागाच नव्हती, इतकी मी थकले होते. तुम्हाला मात्र साधी शिंकही आली नाही. मला ते नशीब वाटलं, निदान एक तरी वाचली. तुम्हाला तोच पुरावा वाटला. आपण आजारी न पडता आजार घेऊन आलो, असं तुमच्या मनानं घेतलं. हे तुम्ही बोलला नाहीत. पण साथ ओसरल्यावर मी म्हटलं, वन्सं, आता खाली या, तुमची खोली झाडून ठेवली आहे, तेव्हा तुम्ही म्हणालात, "राहू दे. वर वारा चांगला येतो."

एप्रिलमध्ये वर वारा येतो म्हणे. पत्र्याची भट्टी असते ती.

दादांचे दिवस झाल्यावर एका दुपारी तुम्ही खाली आलात. मास्क लावलेला, उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या. देव्हाऱ्याखालचं पाकीट तुम्ही कधी नेलंत कोण जाणे, ते आता दुप्पट जाड झालं होतं. स्वतःचे निम्मेही तुम्ही त्यात घातले होते.

"वहिनी, हे सगळं तुझं."

"नको."

"का पण?"

"नको म्हणजे नको."

तुम्ही पाकीट घेऊन वर गेलात. वन्सं, माझं म्हणणं एवढंच होतं. निम्मे होते तोवर ती गंमत होती, सगळे झाल्यावर ती भरपाई झाली. मी ते घेतले असते तर तुम्ही आजार आणलात आणि मी त्याचे मोजून घेतले, असा त्याचा अर्थ झाला असता. तुमच्याकडे माझं काही येणं नव्हतं. म्हणून मी नको म्हणाले. हे मला इतकं उघड वाटत होतं की तोंडानं बोलायचं सुचलंच नाही. आणि तुम्ही ते नको वर घेऊन गेलात आणि त्याचा भलताच अर्थ लावलात.

मग सुरू झाली ती आपली पळापळ. पाकीट तांदळाच्या डब्यात निघालं. मी ते तुमच्या वाळत घातलेल्या पातळाच्या घडीत ठेवलं. मग ते माझ्या पर्समध्ये सापडलं, तेही भाजीवालीसमोर. मी तुमच्या स्कूटीच्या डिकीत टाकलं. एकदा तर माझ्या उशीच्या अभ्र्यात शिवून टाकलेलं होतं, टाके इतके वेडेवाकडे की शिवणारीचं नाव विचारायला नको. मला वाटायचं, दुःखातून आपण हळूहळू बाहेर येतोय आणि खेळतोय. मला त्या खेळाचा आधार होता. आज पाकीट कुठं सापडेल, एवढं एक कुतूहल मला सकाळी उठवायचं. त्या वर्षी दुसरं काहीच मला उठवत नव्हतं.

तुम्ही माझं किती केलंत ते इथं लिहायला बसले तर तुम्हीच उठून जाल. बँकेची कामं, माझ्या गुडघ्याचे डॉक्टर, मला सणाच्या दिवशी एकटी न सोडणं. नामपल्लीचं प्रदर्शन पुन्हा भरलं तेव्हा मला ओढून नेलंत आणि मी गर्दीला घाबरले तर पुढं होऊन, "सरको, सरको, मेडम आ रहे" करत वाट काढलीत. मला त्या दिवशी दादा गेल्यानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसू आलं. ते मी तुम्हाला सांगितलं होतं. बरं झालं सांगितलं.

पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. त्याच्या पुढच्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी मी स्वयंपाकघरात उगीच भांडी घासत होते. समोरच्या काकू तुम्हाला सांगून गेल्या होत्या की भाऊ नसला की चंद्राला ओवाळायचं असतं. तुम्ही त्यांना हो हो म्हणालात. आणि संध्याकाळी तबक घेऊन खाली आलात, मधल्या खोलीत पाट मांडलात आणि म्हणालात, "वहिनी, बस."

"मी?"

"चंद्राला ओवाळून मान दुखते. आणि त्याच्याशी माझी ओळख नाही. दादाच्या घरात आता तूच आहेस. बस."

मला कुणी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद झाल्याला दीड वर्ष झालं होतं. तुम्ही ठसठशीत कुंकू लावलंत, अक्षता टाकल्यात, ओवाळलंत. निरांजनाच्या उजेडात तुमचे डोळे भरलेले मला दिसत होते. माझेही भरले होते. आणि आता ओवाळणी घालायची वेळ आली.

वन्सं, त्या वेळी मला केवढा आनंद झाला ते तुम्हाला दिसलं असेल. पाकीट त्या दिवशी माझ्याकडे होतं, डाळीच्या डब्यात. मी "थांबा हं" म्हणून आत गेले, ते काढलं आणि तबकात घातलं. भाऊबीजेची ओवाळणी परत करता येत नाही. मी जिंकले होते. खेळ संपला होता, पैसे जिथले तिथं गेले होते, आणि तेही दादांच्या वतीनं. माझ्या डोक्यातून इतकी नामी कल्पना आयुष्यात दुसरी निघालेली नाही, असं मला वाटत होतं.

तुम्ही तबकाकडे बघत राहिलात. हसाल असं मला वाटलं होतं. तुम्ही "बरं" म्हणालात. मग वाकून माझ्या पायाला हात लावलात. मानानं मोठ्या असून. मी "अहो, हे काय" म्हणून मागं सरले, तर तुम्ही, "आज तू दादा आहेस," असं म्हणून तबक उचललंत आणि वर गेलात. त्या दिवशी फराळाचं ताटही खाली परत आलं ते तसंच होतं. मला वाटलं, दादांची आठवण आली असेल.

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत जिन्यावर वेल्डर आला. मी विचारलं तर म्हणालात, ओळखीचा आहे, स्वस्तात करतोय, तुझा गुडघा असा आणि तू रोज संध्याकाळी चहा घेऊन वर येतेस. बरोबर होतं. तुम्ही खाली राहायला येत नव्हता, म्हणून मीच वर यायला लागले होते. मी नेहमीप्रमाणे कटकट केली. रंग हिरवाच कशाला, हा काय दवाखाना आहे? घाई कसली आहे? आणि इतकी वर्षं दादांना जमलं नाही ते आता कशाला? तुम्ही वेल्डरला चहा नेऊन दिलात. कठडा झाल्यावर मात्र मला वर-खाली चालून दाखवायला लावलंत आणि स्वतः खाली उभ्या राहून बघत होतात. "धर नीट," म्हणालात. "दोन्ही हातांनी."

तेव्हापासून मी तो रोज धरते आहे. चहा नेताना, कपडे वाळत घालताना, तुमच्याशी भांडायला येताना. त्या दुपारी तुम्ही उठत का नाही म्हणून बघायला आले तेव्हाही धरला होता.

काल यादम्मा आली. तेराव्याला गर्दीत नीट बोलता आलं नाही म्हणून पुन्हा आली. तुमच्या हाताखाली तिनं उभी हयात काढली, तिला तुमची खोली बघायची होती. मी पुढं, ती मागं, असे आम्ही जिना चढत होतो. मध्येच ती थांबली आणि कठड्यावरून हात फिरवायला लागली.

"अम्मा, येइच ना वो कोरोना के पैसे का?"

मी म्हटलं, काय?

"मेडम लगाए ना. वो जादा पैसे मिले थे, उसका." तिला वाटलं मला माहीत आहे. वळणावर, जिथं मी ताट ठेवायची तिथंच, ती टेकली आणि सांगत राहिली. "उस दिवाली कू मेडम बहोत परेशान थे. मैं पूछी, क्या हुआ बोलके. बोले, यादम्मा, वैनी वो पैसा मेरी थाली में वापस डाल दिए. भाई के दिन कू. उनो माफ नई करे मेरेकू. मैं बोली, जाने देव मेडम, आप रख लेव. नक्को बोले. फिर ये पाइप लगाए. बोले, हात में नई लेते ना वैनी, तो पकड़ेंगे तो सही. गिरना नई उनो."

मी "हौ" म्हटलं. तिला वर आणलं, खोली दाखवली, चहा केला, उस्मानिया बिस्किटं दिली. तुमची एक साडी मागितली तिनं, ती दिली. गेटपर्यंत पोचवलं. मग येऊन खालच्या पायरीवर बसले.

आधी मला तुमचा रागच आला. यादम्माला सांगितलंत. ती सकाळी झाडू मारताना तुम्हाला विचारते आणि तुम्ही तिला मनातलं काढून देता. माझ्याकडे रोज संध्याकाळी चहा पिता, साखर जास्त, आलं कमी म्हणता, आणि एकदा म्हणत नाही की वहिनी, का परत केलेस? एवढं विचारलं असतंत तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण ते एक वाक्य मीही इतकी वर्षं घेऊन बसले होते आणि तुम्ही विचाराल म्हणून वाट बघत होते असंही नाही. मला वाटलं होतं, आपलं ठरलं आहे. माझ्या पुण्यातल्या घरी तर "नको" याहून जास्त कुणी बोलतच नसे.

आणि वन्सं, तुम्ही किती दमला होतात हे मला दिसायला हवं होतं. निवृत्तीनंतर तुम्ही दुपारी झोपायला लागलात. आयुष्यभर दुपारी न झोपणारी बाई. मी म्हणायची, इतकी वर्षं पहाटे उठलात, आता घ्या झोपून. तुम्ही पहाटेची झोप भरून काढताय असं मला वाटायचं. तुम्ही काय घेऊन झोपत होतात ते मला कसं कळणार? वर वारा चांगला येतो म्हणालात, मी मानलं.

दादा आणि तुम्ही त्या पैशांवरून भांडलात. ते म्हणायचे जिवाची किंमत होत नाही, तुम्ही म्हणायचात चहापाणी आहे. दोघंही चुकलात. ते पैसे आपल्याकडे आले आणि आपण तिघंही त्यांना घाबरलो. यादम्मानं फोन घेतला, पोराला शिकवलं, मोकळी झाली. आपल्याला नुसता खर्च करून टाकायचंही जमलं नाही. देव्हाऱ्याखाली काय ठेवलं, उशीत काय शिवलं.

संध्याकाळ व्हायला आली होती. मी उठले आणि जिन्याच्या तळाशी, जिथून मी तुम्हाला ताट ठेवल्याचं सांगायची, तिथं उभी राहिले. खालून वर ओरडायची मला सवय आहेच.

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही नाही आणलात आजार. ऐकू येतंय का? मी कधीच तसं मानलं नाही. आणि आणला असतात तरी तुमच्यावर राग धरला नसता. म्हणून परत केले होते पैसे. दुसरं काही नव्हतं."

समोरच्या काकू गॅलरीत आल्या. मला बघून परत आत गेल्या.

मी थोडा वेळ तशीच उभी होते. चमचा वाजायची वाट बघत होते की काय, कोण जाणे. वरून काही आवाज आला नाही. मग मी कठडा धरला, तुम्ही सांगितलं होतंत तसा, दोन्ही हातांनी, आणि वर आले.